पाठवण्याआधी थांबा! मोबाईलवर आपले कागद, पैसा आणि अब्रू कशी सांभाळावी



भातलावणीच्या मजुरीपासून इंद्रायणीच्या भावापर्यंत भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतली बरीचशी बोलणी आता व्हॉट्सॲपवर होतात. सोय चांगली आहे, ती सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूठभर बी रानात फेकले की ते वेचून पुन्हा पिशवीत भरता येत नाही. फोनवरून गेलेल्या कागदाचे तसेच आहे. तुम्ही मागाहून पुसलात, तरी तोवर तो दुसऱ्याच्या फोनमध्ये उतरलेला असतो.

कागद ग्रुपवर टाकू नका

योजनेची मुदत जवळ आली की गावाच्या ग्रुपवर आधारकार्ड, पासबुक आणि सातबाऱ्याचे फोटो धडाधड पडतात. आता तुम्ही म्हणाल, सातबारा तर कुणालाही ऑनलाइन बघता येतो, मग लपवायचे काय? बरोबर आहे. पण त्याच्या जोडीला आधार, फोटो, सही आणि खाते नंबर तुम्हीच दिलात, तर चोराचे काम सोपे होते. बनावट आधारकार्डावर भलताच माणूस मालक म्हणून उभा करून जमीन विकल्याचे गुन्हे पुणे जिल्ह्यात नोंदले गेले आहेत. आपल्याकडे शहरातून जमीन शोधत येणारे पुष्कळ, म्हणून जास्त जपावे.

तलाठी भाऊसाहेबांनी मागितला किंवा आम्ही कृषी खात्याच्या लोकांनी मागितला, तरी कागद ग्रुपवर टाकू नये. तो हातात आणून द्यावा. आधारची प्रत द्यायचीच असेल, तर जिच्यावर शेवटचे ४ आकडेच दिसतात अशी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. जिथे चालते तिथे तीच द्यावी.

‘पीएम किसान’ नावाची फाईल उघडू नका

२०१९ साली सुरू झालेल्या पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत खात्यावर येतात. हप्ता अडकला की माणूस घायकुतीला येतो. चोर नेमका तोच मोका साधतो. ‘हप्त्यासाठी हे ॲप घ्या’ म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती ओळखीच्या माणसाच्या नंबरवरूनही येते, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. फाईल उघडून मेसेज वाचण्याची परवानगी दिलीत, की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो. सरकारी योजनेचे ॲप व्हॉट्सॲपवरून कधीच घेऊ नये. हप्त्याची चौकशी योजनेच्या संकेतस्थळावर किंवा कृषी कार्यालयात करावी.

तांदूळ विकताना

फेसबुकवर तांदळाची जाहिरात जरूर द्यावी. वाण, भाव, गाव आणि फोन नंबर एवढे पुरे. मग एखादा गिऱ्हाईक फोन करतो, ‘मी लष्करात आहे, आगाऊ पैसे धाडतो, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका.’ इथेच थांबा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, बरं का! पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून गेले.

व्हॉट्सॲपला कुलूप लावा

‘चुकून तुमच्या फोनवर माझा ६ आकडी कोड आला, तेवढा सांगा,’ असे कुणी गोड बोलून मागितले तर सांगू नये. त्या कोडाने तुमचे व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर चालू होते. मग तो तुमच्या नावाने पाहुण्यारावळ्यांकडे पैसे मागतो. यावर उपाय असा: सेटिंगमध्ये ‘अकाउंट’ उघडावे, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करावे आणि आपला वेगळा ६ आकडी पिन ठेवावा. जमत नसेल तर घरच्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला बसवून आजच करून घ्या.

अनोळखी माणसाचा फोटो पुढे ढकलू नका

धोका फक्त पैशाचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. माणसे निर्दोष होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. पण खरा बांध आपणच घालायचा. गावात अनोळखी माणूस दिसला तर पोलीस पाटलांना कळवावे, त्याचा फोटो ग्रुपवर फिरवू नये. आपल्या लेकीबाळींचे फोटोही सगळ्या जगाला दिसतील असे ठेवू नयेत.

फसगत झालीच तर

१. फोनचे इंटरनेट लगेच बंद करावे.
२. दुसऱ्या फोनवरून १९३० या नंबरवर तक्रार द्यावी. तिथून बँकेला कळते आणि पैसा वाटेत अडवता येतो, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.
३. आपल्या बँकेला कळवून खाते थांबवावे.
४. भोर, वेल्हे किंवा राजगड पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवावी.

‘लोक हसतील’ म्हणून गप्प बसू नये. चांगली शिकलेली माणसेही यात फसतात. तुम्ही गप्प राहिलात तर तोच चोर उद्या तुमच्या शेजाऱ्याला गाठतो.

तेव्हा मंडळी, कागद असो, कोड असो की फोटो, बोट दाबण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: हे चावडीवर भिंतीला चिकटवायला मी तयार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर पाठवू नका. हे पत्रक वाचून झाल्यावर ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.