आजोबांची लढाई कोणती? आठवणी ऐकताना हाताशी ठेवा

निजामाचा मुलूख : आजचा कोरपना तालुका जुन्या राजुरा तालुक्याचा भाग. 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1959 मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला. म्हणून इथल्या जुन्या बोलण्यात ‘पोलीस ॲक्शन’ येते, ती 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची लष्करी कारवाई. नाव पोलिसांचे, रणगाडे मात्र लष्कराचे!

दुसरे महायुद्ध : 1939–45. ‘बर्मा स्टार’ पदक ब्रह्मदेशाच्या आघाडीचे.

पदकांवरून ओळख : समर सेवा स्टार 1965 च्या भारत–पाकिस्तान युद्धाचे. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ 1971 च्या युद्धाचे. पहिले पूर्व आघाडीचे, दुसरे पश्चिमेचे.

नौदल, 1971 : 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. नौदल दिन त्याच तारखेला असतो. 9 डिसेंबरला दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात होती, त्यामुळे तिच्यावरच्या माणसाच्या आठवणीत कराची नसते, चितगाव आणि कॉक्स बझार असतात.

हुद्द्यांची गल्लत : ‘कॅप्टन होते’ एवढ्यावर थांबू नये. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, तर लष्करातला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या.

पलटण : मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात. महार रेजिमेंटही 1941 मध्ये तिथेच उभी राहिली. तिचे केंद्र आता मध्य प्रदेशात, सागरला आहे.