जुनं ते सोनं, पण ऑनलाइन जपून!

• बाजार: ई-बे ही ऑनलाइन बाजारपेठ १९९५ मध्ये सुरू झाली. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर चकरा मारून सापडणारी वस्तू आता घरबसल्या दिसते. भावही चार ठिकाणी ताडून पाहता येतो.

• पारख: शिवराई नाणं घेताना वजन विचारा, कडेचा फोटो मागवा. ओतीव नकलेच्या कडेला बऱ्याचदा सांध्याची रेघ दिसते, अंगावर बारीक छिद्रं असतात.

• कायदा: १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं जुन्या पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

• फसवणूक: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच बजावलं आहे.