‘किंमत’ आणि ‘घरपोच’ : पोच-आकाराच्या नियमनातील संज्ञाविचार

दुकानातून ग्राहकाच्या दारापर्यंत वस्तू पोचविण्याचा खर्च हा किमतीचा भाग मानावयाचा, की तिच्याहून वेगळा आकार समजावयाचा, हा प्रश्न वरवर व्यापाराचा दिसतो. वस्तुतः तो संज्ञेच्या व्याप्तीचा प्रश्न आहे. कारण शासनाला ज्याचे नियमन करावयाचे असते, त्याला प्रथम नाव द्यावे लागते.

स्वयंपाकाच्या वायूचे उदाहरण घेऊ. त्याच्या पुरवठ्याचे व वितरणाचे नियमन 1955 च्या अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखालील 2000 च्या आदेशाने होते. घरगुती सिलिंडरच्या किरकोळ विक्री-किमतीत वितरकाचे कमिशन अंतर्भूत असते. त्याचे आस्थापना-खर्च व पोच-खर्च असे दोन भाग पाडलेले आहेत. 2019 मध्ये 14.2 किलोग्रॅमच्या सिलिंडरमागे हे कमिशन 61.84 रुपये होते, व त्यांपैकी 27.60 रुपये पोच-खर्चाचे होते. म्हणजे देवळाली कॅम्पात लॅम रोडवर राहणाऱ्या ग्राहकाने सिलिंडर दारात घेतला, तर पावतीवरील रकमेपलीकडे त्याचे देणे उरत नाही. उलट, त्याने तो गोदामातून स्वतः आणला, तर पोच-खर्च त्याला वजा करून मिळावयास हवा. येथे ‘घरपोच’ हा अर्थ ‘किंमत’ या शब्दातच सामावलेला आहे.

ई-वाणिज्यात रचना नेमकी उलटी असते. वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात व तीहून अधिक किमतीस विक्री करता येत नाही. तथापि पोच-आकार हा निराळ्या सेवेचा मोबदला म्हणून तिच्याबाहेर मांडला जातो. 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनी विक्रेत्यास एकूण किंमत व तिची फोड दाखविणे बंधनकारक केले. आकार किती असावा, हे मात्र ठरविले नाही. असे घटक आरंभी दडवून शेवटी उघड करण्याच्या रीतीस 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या रचनांत जमा केले. पहिल्या ठिकाणी शासन रक्कम ठरविते. दुसऱ्या ठिकाणी केवळ तिचा उच्चार सक्तीचा करते.

या दोहोंच्या मधोमध बोलीतला तिसरा शब्द उभा असतो : ‘चहापाणी’. ही रक्कम स्वखुशीने दिली तर ती बक्षिसी होय. मागून घेतली तर ती किमतीवरील जादा वसुली होय. परंतु एकदा ‘चहापाणी’ म्हटले की मागणीलाही बक्षिसीचे रूप येते, आणि ग्राहकाच्या तक्रारीचा आधारच निसटतो. पावतीवर ठळक मराठीत ‘पोच-खर्चासह’ एवढा एकच शब्द छापला, तर तो आधार त्याच्या हाती राहील.