खोक्याची ताकद कोपऱ्यात असते

गोदामात खोक्यांची उंच थप्पी लागलेली दिसली की सगळ्यांत खालच्या खोक्याकडे नीट पाहावे. ओझे वाढत गेले की त्याच्या भिंती मध्यभागी बाहेर फुगू लागतात, तरी थप्पी उभीच असते. कारण वरचे वजन भिंतींच्या मधल्या भागावर फारसे नसतेच. त्यातला मोठा वाटा चार उभ्या कोपऱ्यांतून आणि त्यांना लागून असलेल्या पट्ट्यांतून खाली उतरत असतो. कोपरा दुमडला, की मात्र खोके बसते आणि सगळी थप्पी एका अंगाला कलते.

पुठ्ठ्याची खोकी घेताना आपल्याकडे तीन प्रश्न हटकून विचारले जातात: थ्री प्लाय की फाइव्ह प्लाय, म्हणजे कागदाचे थर तीन की पाच, कागद किती जीएसएमचा आणि बीएफ किती? तिन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण तिन्ही कागदाबद्दल आहेत. तयार खोके उभे राहून किती वजन पेलेल, हे क्वचितच विचारले जाते. हलका, चौकोनी माल असेल तर त्यावाचून अडत नाही. माल जड असेल किंवा आडव्यातिडव्या आकाराचा असेल, तर मात्र हा एक प्रश्न बाकीच्या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर. कागदाचा तुकडा गोल चौकटीत घट्ट धरून खालून रबरी पडद्याने दाब देत जायचे आणि किती दाबाला तो फाटतो ते मोजायचे. १५० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा क्राफ्ट कागद दर चौरस सेंटीमीटरला ३ किलो दाबाला फाटला, तर ३००० ग्रॅमला १५० ने भागून त्याचा बीएफ २० येतो. या चाचणीचे यंत्र जॉन मुलेन यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत बनवले. पुढे तिथल्या रेल्वे कंपन्यांनी खोक्यांसाठी जे नियम केले, त्यांत फाटण्याची ताकद हाच मुख्य निकष राहिला. त्या काळात माल एकेका डागाने चढायचा-उतरायचा, हमालाच्या हातून निसटायचा, डब्यात दुसऱ्या मालावर आदळायचा. आतल्या मालाने खोके फाडून बाहेर यायचे नाही, एवढीच अपेक्षा होती. थप्प्यांनी भरलेली गोदामे वाढली तशी खोक्याची परीक्षाही बदलली. शेवटी १९९१ मध्ये अमेरिकी नियमांनी दुसरा पर्याय मान्य केला: पुठ्ठ्याचा तुकडा उभा धरून वरून दाबायचा आणि त्याची कड किती भाराला चिरडते ते पाहायचे. तिला एज क्रश टेस्ट म्हणतात. दोन्ही चाचण्या एकाच पुठ्ठ्याच्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या संकटांची उत्तरे देतात.

पुठ्ठ्याच्या पोटातल्या लाटांच्या, म्हणजे नालीदार कागदाचा पहिला उपयोग खोक्यांसाठी झालेला नाही. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन यांनी त्याचे पेटंट घेतले ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये न्यू यॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांना तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला सुचला. पण नुसता नालीदार कागद दाबला की पसरतो आणि सपाट होतो. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागद चिकटवला. लाटेला बूड मिळाले, तिला पसरायला जागा उरली नाही, आणि गुंडाळायच्या कागदाचा बांधणीचा पुठ्ठा झाला.

दोन सपाट कागद आणि त्यांना एकमेकांपासून दूर धरणारी मधली लाट, हे पुठ्ठ्याच्या ताकदीचे मर्म आहे. इमारतीतल्या लोखंडी गर्डरमध्ये धातूचा मोठा भाग वरच्या आणि खालच्या पट्टीत असतो, मधली उभी पट्टी त्यांना फक्त लांब ठेवते. वाकवणाऱ्या बळाला विरोध करायचा तर सामग्री मध्यापासून जितकी दूर, तितकी कामाची. पुठ्ठ्यात तीच युक्ती कागदाने साधलेली आहे. लाटांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत; ती आकाराप्रमाणे लागलेली नाहीत, ज्या क्रमाने प्रकार वापरात आले त्या क्रमाने पडली आहेत. ए लाट सगळ्यांत उंच, सुमारे पावणेपाच मिलिमीटर. बी अडीच मिलिमीटरची. सी या दोघींच्या मधली. ए लाटा मीटरमागे सुमारे ११० बसतात, बी लाटा दीडशेच्या वर. ए थप्पीचे वजन चांगले पेलते, तर दाट बी सपाट पडणारा मार सोसते आणि तिच्यावर छपाईही स्वच्छ येते. म्हणून फाइव्ह प्लायमध्ये बाहेर बी आणि आत सी किंवा ए, अशी जोडी बरेच उत्पादक लावतात.

पुठ्ठ्यावरून खोक्याची ताकद कशी काढायची, याचे सोपे सूत्र १९६३ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ पेपर केमिस्ट्रीच्या मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. पुठ्ठ्याची जाडी आणि खोक्याची परिमिती यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे, त्याला कडेच्या ताकदीने गुणायचे आणि आलेल्या आकड्याला ५.८७ ने गुणायचे. फार बुटकी खोकी सोडली तर ते आजही कामाला येते.

त्यातला खरा धडा वर्गमुळात आहे. पुठ्ठ्याची जाडी दुप्पट केली तर खोक्याची ताकद दुप्पट होत नाही, फक्त ४१ टक्क्यांनी वाढते. परिमितीचेही तसेच. पण कडेची ताकद दुप्पट केली, तर खोके थेट दुप्पट वजन पेलते. म्हणजे हलक्या कागदाचे थर वाढवत नेण्यापेक्षा, कमी थरांचा पण कडेला मजबूत पुठ्ठा अनेकदा सरस ठरतो. सेव्हन प्लाय ऐकले की आपण निर्धास्त होतो. तितके निर्धास्त होण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. खोके ५० सेंटीमीटर लांब, ४० रुंद, म्हणजे परिमिती १८० सेंटीमीटर. पुठ्ठा साडेसहा मिलिमीटर जाड आणि त्याची कड सेंटीमीटरला ७ किलो पेलणारी. सूत्राने ताकद येते सुमारे ४४५ किलो. प्रत्येक खोक्यात २५ किलो माल आहे आणि सहा खोकी एकावर एक ठेवायची आहेत. तळाच्या खोक्यावर पाच खोक्यांचे १२५ किलो येणार. साडेतीन पटीने सुरक्षित, असे कोणीही म्हणेल.

आता हेच खोके जुलैत भिवंडीच्या गोदामात ठेवा. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना एकमेकांशी बांधणारे हायड्रोजन बंध. हवेतले पाण्याचे रेणू या बंधांमध्ये शिरतात, तंतू मऊ पडतात, आणि लाटा चिकटवणारी स्टार्चची खळही ढिली होते. प्रयोगशाळेत निम्म्या आर्द्रतेत मोजलेली ताकद ९० टक्के आर्द्रतेत साधारण अर्धी उरते. ४४५ चे २२२ झाले. पुठ्ठा सततच्या भाराखाली हळूहळू खचतही जातो. आज सहज पेलणारे वजन महिनाभर तसेच राहिले, तर ताकद सुमारे ४० टक्क्यांनी उतरलेली असते. उरले १३३. खाली १२५ किलो भार आहे, म्हणजे अजून जेमतेम निभावते आहे. अशा वेळी कोणी थप्पी पडू नये म्हणून खोकी विटांच्या बांधकामासारखी सांधे चुकवून रचतो. हेतू चांगला असतो. पण वरच्या खोक्याचा कोपरा आता खालच्या खोक्याच्या भिंतीच्या मध्यावर टेकतो, जिथे ताकद नाही. या रचनेत निम्म्याच्या आसपास ताकद वाया जाते. उरले ६६ किलो आणि थप्पी गेली. कागद, बीएफ, प्लाय, यांतले काहीही बदललेले नाही.

म्हणूनच कोपऱ्यावर कोपरा येईल अशी थप्पी लावावी, आणि ती हलू नये म्हणून वरून पट्टी किंवा फिल्म आवळावी. खोके पॅलेटच्या कडेबाहेर इंचभर लोंबले, तरी त्या बाजूचे दोन कोपरे अधांतरी होतात आणि ताकदीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त जातो. हापूसच्या खोक्यांना हवेसाठी भोके लागतातच. ती भिंतीच्या मध्याकडे, उभ्या लांबट आकाराची असावीत. कोपऱ्याजवळचे एक भोक मधल्या दोन भोकांपेक्षा जास्त महाग पडते. आंबा स्वतः बाष्प सोडतो, शीतगृहाची हवाही दमट ठेवलेली असते. फळाच्या खोक्याचा पावसाळा मे महिन्यातच सुरू होतो.

निवड करताना मी सर्वांत आधी विचारीन तो प्रश्न असा: आतला माल स्वतः वजन पेलतो का? कोल्हापूरच्या फाउंड्रीतले ओतीव सुटे भाग पेलतात. त्यांच्यावर चार खोकी ठेवली तर लोखंडाला काही होत नाही. पण खोके उचलताना तळ फाटू शकतो, आणि पंपाच्या कास्टिंगचे टोक ट्रकच्या हादऱ्यांनी भिंतीतून बाहेर येऊ शकते. इथे बर्स्टचा आकडा खरोखर उपयोगी पडतो. तळाला जाड पॅड, मधे पार्टिशन, टोकापुढे भार पसरवणारा सपाट पुठ्ठा, आणि भाग आत हलणार नाही अशी घट्ट बसवणूक हवी. निर्यातीसाठी लाकडी क्रेट वापरला, तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवण्यासारखी मान्य प्रक्रिया आणि तिचा शिक्का लागतो. पुठ्ठ्याला ती अट नाही. जड मालासाठीही सेव्हन प्लायचा विचार करण्याचे हे एक रास्त कारण आहे.

पेणची गणेशमूर्ती याच्या अगदी उलट. तिने वरचे वजन पेलायचेच नाही, सगळा भार खोक्याच्या कोपऱ्यांनी घ्यायचा. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उत्सवाच्या काही महिने आधी निघतात. समुद्रावर दिवसा तापणाऱ्या आणि रात्री थंड होणाऱ्या कंटेनरच्या छतावर दव साचते आणि ते खोक्यांवर ठिबकते. इथे कडेची ताकद हवी, कोपऱ्यांत उभे अँगल बोर्ड हवेत आणि ताकद कोरड्या हवेच्या हिशेबाने धरू नये. मूर्तीच्या आकारातही एक शोध घ्यावा लागतो: तिचे हाड कुठे आहे? मूर्तीचे हाड म्हणजे तिचा पाट आणि बसलेला घेर. तिथे ती पक्की धरावी. हात, सोंड, मुकुट यांना चांगले मऊ पॅकिंग ठासून भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. धक्का बसला की ठासलेला भाग खोक्याबरोबर ओढला जातो, बाकीची मूर्ती मागे राहते आणि मनगट तुटते. नाजूक अवयवांभोवती मोकळी जागा राखणे हेच त्यांचे पॅकिंग.

मिरजेचा तंबोरा आणखी अवघड. एका टोकाला वाळलेल्या भोपळ्याचे पातळ कवच, दुसरीकडे लांब दांडी. पडताना भोपळा आणि दांडी वेगवेगळ्या वेळी थांबतात, आणि तो फरक दोघांच्या सांध्यावर येतो. भोपळ्याला सगळीकडून सारखा आधार हवा, दांडीला दोन-तीन ठिकाणी खाचांचे पुठ्ठे हवेत, आणि तारा सैल केलेल्या बऱ्या. इथे खोक्याचीही एक खोड आडवी येते. नेहमीच्या खोक्यात लाटा तोंडापासून तळाकडे धावतात. लांब खोक्याचे तोंड अरुंद टोकाला ठेवले, तर लाटा लांबीच्या दिशेने जातात. असे खोके ट्रकमध्ये आडवे निजवले की त्याच्या भिंतींतल्या लाटा जमिनीला समांतर होतात आणि थप्पीचा भार पेलायला कोणी उभे नसते. म्हणून लांब वस्तूच्या खोक्याचे तोंड लांब बाजूला घ्यावे. पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेला लाटा दिसतात. एवढे पाहून कोणालाही दिशा ओळखता येते.

जागा सढळ ठेवायला विमानी कुरियरचा हिशेब मात्र आडवा येतो. लांबी, रुंदी, उंची यांचा सेंटीमीटरमधला गुणाकार भागिले ५०००, इतके किलो वजन धरले जाते. १५० बाय ५० बाय ४५ चे खोके साडेसदुसष्ट किलोचे ठरते, आतला तंबोरा त्याच्या एका अंशाचाच का असेना. निमुळत्या खोक्याने हे आकारमान वाचत नाही, कारण मोजणारा सर्वांत मोठी रुंदीच धरतो. उलट निमुळत्या खोक्यावर दुसरे खोके नीट बसत नाही. बाहेरचे खोके चौकोनीच ठेवावे, आणि आकाराची सगळी गुंतागुंत आतल्या कापलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवावी.

शेवटी खोके पाडून पाहावे. आंतरराष्ट्रीय चाचण्यांतला एक साधा, रुळलेला क्रम दहा वेळा पाडण्याचा आहे: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा पृष्ठांवर. साडेनऊ किलोच्या आतले खोके सुमारे ७६ सेंटीमीटरवरून पाडतात, २८ ते ४५ किलोचे ३० सेंटीमीटरवरून. हलके खोके जास्त उंचावरून पाडण्यामागे माणसांच्या वागण्याचा अनुभव आहे. जड डाग दोघे मिळून सांभाळून ठेवतात, हलका एकटा माणूस फेकतो. वीस-बावीस किलोचे खोके या दोन्हींच्या मधोमध सापडते: फेकण्याइतके हलके आणि फुटण्याइतके जड. माल विभागून दोन लहान खोकी करावीत की पॅलेटला बांधलेला एकच मोठा डाग करावा, हा निर्णय पुठ्ठा निवडण्याच्या आधी घेतला, तर पुठ्ठ्यावरचा निम्मा ताण तिथेच उतरतो.