कपाट आपल्या घराच्या मापाचे

बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांसाठी. आपल्या घरात मात्र मुलांची पुस्तके अजून खाटेखालच्या पेटीत असतात. मागच्या पावसाळ्यात माझ्या मुलीची भरतीची पुस्तके उधईने खाल्ली. पोरगी बोलली काही नाही, नुसती पाने झटकत बसली. त्याच दिवशी ठरवले, कपाट करायचे.

तयार कपाट आमच्या दीड खोलीत मावेना. दार आणि भिंत यांच्यामध्ये जागा फक्त अडीच फूट. आलापल्लीचे सागवान नावाजलेले, पण आपल्या खिशाला ते परवडत नाही. जंगलातून गुपचूप आणलेल्या लाकडाचा मोह तर नकोच. पावती नसेल तर कपाटाऐवजी कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून प्लायवूड घेतले. ‘आय.एस. ३०३’ हा शिक्का साधारण वापराच्या प्लायवर असतो. भिंतीला ओल असेल तर ‘आय.एस. ७१०’ घ्यावे, ते पाण्याला टिकते.

हत्यारे थोडीच लागतात : टेप, गुण्या, करवत, गिरमीट, पेचकस आणि हातोडी.

माप घेताना मी पहिली चूक केली. जागा फक्त खालून मोजली. भिंत मध्येच फुगलेली होती. कपाट अडकले, बाजू उकलून पुन्हा कापावी लागली. म्हणून वाचकहो, खाली, मध्ये आणि वर असे तीन ठिकाणी मोजा. सर्वांत लहान माप धरा आणि त्यातून अर्धा इंच सोडा.

८ बाय ४ फुटांचे, १९ मि.मी. जाडीचे एकच प्लाय पुरते. दुकानातच लांबीत चार सारख्या पट्ट्या कापून घ्याव्यात. दोन पट्ट्यांतून सहा-सहा फुटांच्या दोन बाजू निघतात. उरलेल्या दोन पट्ट्यांतून २८ इंचांचे सहा तुकडे होतात : वरचा, खालचा आणि चार फळ्या. २८ इंच आणि दोन बाजूंची जाडी दीड इंच, मिळून साडेएकोणतीस. अडीच फुटांत बरोबर बसते.

बाजूंचे दोन-दोन फुटांचे तुकडे उरतात. त्यांच्या इंचभर रुंद पट्ट्या कापून प्रत्येक फळीखाली आधाराला लावाव्यात. पुस्तकांचे वजन फार असते, नुसत्या स्क्रूवर भरवसा ठेवू नये. या पट्ट्यांना सव्वा इंची स्क्रू लावा. दीड इंची लावला तर टोक बाहेर डोकावते. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे, नाहीतर प्लाय चिरते. सांध्याला फेविकॉल लावावा.

कपाट आडवे ठेवून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर कपाट काटकोनात आहे. मगच मागे पातळ प्लाय ठोका. शेवटी खाली विटा द्याव्यात आणि भिंतीपासून इंचभर अंतर ठेवावे. म्हणजे ओल लागत नाही आणि उधईची माती वेळीच दिसते.

दोन रविवार गेले. मुलीने तिसरी फळी स्वतः बसवली. आता तिची पुस्तके उभी आहेत, आणि वरच्या फळीवर धाकट्याच्या पुस्तकांसाठी जागा राखून ठेवली आहे.