उसनवारीचा हिशोब

आपल्या मंडळातली अकरावी-बारावीची मुलं भेटली की हमखास विचारतात, "काका, पायथॉन येतं, मग सी प्लस प्लस कशाला शिकायचं?" माझं उत्तर ठरलेलं: पुष्कळदा दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये नांदतात म्हणून.

वडोदऱ्याजवळच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून तपासणारा प्रोग्रॅम मी सांभाळतो. सेन्सरकडून आकडे घ्यायचं काम सी प्लस प्लसचं, तिथे वेग लागतो. पण भाग पास की नापास, हा नियम सारखा बदलतो. तो पायथॉनमध्ये ठेवला की तिथला इंजिनीअर स्वतःच फाइल उघडून बदल करतो, अख्खा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायला नको. त्यासाठी पायथॉनचा इंटरप्रिटर सी प्लस प्लसच्या पोटातच चालतो.

पायथॉनमध्ये आकडा असो, यादी असो की फंक्शन, सगळी ऑब्जेक्टच. सी प्लस प्लसच्या हाती येतो तो फक्त पत्ता, 'पायऑब्जेक्ट'चा पॉइंटर. प्रत्येक ऑब्जेक्टच्या आत एक मोजणी असते: मला किती जणांनी धरलंय? ती शून्यावर आली की ऑब्जेक्ट संपलं. पायथॉन लिहिताना ही मोजणी दिसतही नाही. सी प्लस प्लसमधून हात घातला की ती आपल्या गळ्यात पडते.

आणि नियम एकसारखे नाहीत. 'पायलिस्ट_गेटआयटेम'नं यादीतली वस्तू घेतली तर ती उसनी: वापरा, पण मोजणीला हात लावू नका. तीच वस्तू 'पायसीक्वेन्स_गेटआयटेम'नं घेतली तर तुमची मालकी, काम झालं की 'पाय_डेकरेफ'नं सोडायची. 'पायटपल_सेटआयटेम' तर तुमची मालकी काढूनच घेतं. पायथॉनच्या अधिकृत कागदपत्रांत याला चक्क 'चोरणं' म्हटलंय!

हा प्रोग्रॅम माझ्याकडे आला तेव्हा आठवड्यातून एकदा, बहुधा रात्रपाळीतच, बंद पडायचा. तेवढा वेळ माल न तपासता पुढे. कारण एवढंसं: पायथॉनच्या फंक्शनकडून आलेला दशांश आकडा कुणी सोडतच नव्हतं. असा एक आकडा २४ बाइटचा. सेकंदाला १०० वेळा राहिला, तर दिवसाला २० कोटी बाइटच्या वर. उलटी चूक, म्हणजे उसनी वस्तू सोडून देणं, मला जास्त भयंकर वाटते. प्रोग्रॅम कोसळतो तो भलत्याच ओळीवर.

आता मी 'पायबाइंड११' वापरतो. त्यातलं सी प्लस प्लसचं ऑब्जेक्ट कंसाबाहेर गेलं की मोजणी आपोआप कमी होते. मात्र सेन्सरच्या थ्रेडमधून पायथॉनला हात लावण्याआधी जीआयएल हे कुलूप घ्यावं लागतं, ते अजून आपल्यालाच सांभाळायचं.

घरी करून पाहा. पायथॉनच्या प्रॉम्प्टवर एक रिकामी यादी करा, तिला नाव द्या आणि 'सिस'मधल्या 'गेटरेफकाउंट'ला द्या. उत्तर २ येईल. एक तुमचं नाव. दुसरं कोण धरून बसलंय, ते शोधा.