पासपोर्ट जव्हारचा, नोकरी दुबईत. व्हिसाचा अर्ज कुठे?

जव्हार-मोखाड्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी गाव सोडत आली आहेत. भात झोडून झाले, दिवाळी उरकली, की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या नाहीतर नाशिककडचे मळे. पावसाच्या तोंडावर पुन्हा घर. आता या वाटेला एक नवा फाटा फुटतो आहे. आश्रमशाळेतून आयटीआय किंवा नर्सिंगपर्यंत पोचलेल्या पोरांपुढे आखात आहे आणि जर्मनीही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यानंतर तालुक्याच्या गावीही जर्मन भाषेच्या वर्गाची चौकशी होऊ लागली, तर नवल नाही.

नोकरीचा व्हिसा कंपनी काढून देते. घोळ होतो तो त्यानंतर, माणूस परदेशात स्थिरावला आणि तिथून तिसऱ्याच देशात फिरायला निघाला की. समजा, जव्हारचा एक तरुण दुबईत एसी दुरुस्तीचे काम करतो आणि बायको-मुलीला पॅरिस दाखवायचे त्याच्या मनात आहे. त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: ‘पासपोर्ट भारताचा ना? मग सुट्टीत गावी जाशील तेव्हा मुंबईतूनच अर्ज टाक.’

हा सल्ला चुकीचा आहे आणि यातच सर्वांत जास्त लोक फसतात. व्हिसा लागतो की नाही, हे मुख्यतः पासपोर्टवर ठरते. अर्ज कुठे करायचा, हे मात्र बहुतेक देश अर्जदाराच्या सध्याच्या कायदेशीर मुक्कामावर ठरवतात. युरोपातल्या २९ शेंगेन देशांचा नियम स्पष्ट आहे: अर्जदार कायद्याने जिथे राहतो, तिथल्या वकिलातीकडे अर्ज. म्हणजे या तरुणाचा अर्ज अमिरातीतल्या फ्रेंच वकिलातीकडे जाणार, मुंबईकडे नाही. अपवाद आहे. ज्या देशातून अर्ज करायचा तिथला रहिवासी नसलेला, पण त्या वेळी तिथे कायदेशीररीत्या असलेला माणूसही अर्ज देऊ शकतो. मात्र आपल्या राहत्या देशातून अर्ज का केला नाही, याचे पटेल असे कारण द्यावे लागते. ‘सुट्टीवर आलो होतो, म्हटले उरकून टाकावे’ हे कारण वकिलातीला पटणे अवघड.

अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये हेच धोरण कडक केले. पर्यटनासह तात्पुरत्या व्हिसांच्या मुलाखती आता नागरिकत्वाच्या देशात किंवा कायदेशीर राहत्या देशात द्यायच्या. कोविडनंतर भारतातली मुलाखतीची रांग टाळण्यासाठी अनेक जण बँकॉक-सिंगापूरला जाऊन मुलाखत देत. ती पळवाट त्यामुळे बुजली. दुबईत राहणाऱ्या जव्हारकराला मात्र अमेरिकेसाठी दोन्ही दरवाजे उघडे आहेत, भारताचाही आणि अमिरातीचाही. थोडक्यात, एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

उलट टोकाचा गैरसमजही तितकाच पक्का असतो: परदेशात राहण्याचा परवाना हाती आला की जग मोकळे. ते परवान्यावर अवलंबून आहे. जर्मनीचा निवास परवाना असलेला भारतीय १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत इतर शेंगेन देशांत वेगळा व्हिसा न काढता फिरू शकतो. पॅरिस, रोम, प्राग सगळे त्यात आले. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्याला ही सवलत नाही. आयर्लंड युरोपीय संघात असले तरी शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे जर्मनीच्या परवान्यावर डब्लिनला जाता येत नाही. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाला व्हिसा लागत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला लागतो. जॉर्जियाने आखाती देशांच्या रहिवाशांना अटींसह व्हिसा माफ केलेला आहे, म्हणून दुबईकर भारतीयांच्या सहलींत तिबिलिसीचे नाव इतक्या वेळा येते. आणि दुबईचा परवाना दाखवून युरोपात शिरता येते, असे कुणी सांगितले तर ते सरळ खोटे आहे.

परवान्याच्या कार्डावरची तारीख हा आणखी एक चकवा. लोक पासपोर्टची मुदत डोळ्यांत तेल घालून पाहतात. तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून निघायच्या दिवसापासून पुढे किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत, हे त्यांना पाठ असते. पण राहत्या देशाचा परवानाही परतीच्या तारखेनंतर साधारण तीन महिने शिल्लक असावा, अशी अट शेंगेन वकिलाती घालतात, ती नजरेतून सुटते. तर्क सोपा आहे: सहल संपल्यावर हा माणूस परत कुठे जाणार, हे वकिलातीला पाहायचे असते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची गंमत वेगळीच. तिथली प्लास्टिकची निवास कार्डे २०२४ अखेर संपली आणि सगळे ई-व्हिसावर गेले. आता हातात कार्ड नाही, त्याऐवजी ऑनलाइन नोंदीचा पुरावा जोडायचा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक सवलत आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिसा संपला असला, तरी आय-९४ ही प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद वैध असेल तर ३० दिवसांपर्यंत कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन परत येता येते. मात्र तिथे असताना नवा अमेरिकी व्हिसा मागितला की ही सवलत गेली. तो मिळेपर्यंत माणूस तिकडेच अडकतो.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण पालघरकरांचा खास प्रश्न इथे येतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी जव्हार, मोखाडा ठाणे जिल्ह्यात. त्यामुळे जन्मदाखल्यावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जिल्हा ठाणे’, तर नव्या पासपोर्टवर ‘पालघर’. या फरकामुळे अर्ज फेटाळला जाईल, अशी धास्ती अनेकांना असते. गाव तेच, तालुका तोच. जिल्ह्याचे विभाजन झाले हे अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत सांगितले की भागते. खरी भानगड नावाच्या स्पेलिंगची. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर निराळे, लग्नानंतर बदललेले मधले नाव पासपोर्टवर जुनेच. हे अर्जाआधी निस्तरावे, आणि परदेशात राहून निस्तरायचे तर त्या देशातल्या भारतीय दूतावासामार्फत.

आई-वडिलांना तिकडे बोलावायचे असेल तर नियम उलटा फिरतो. मुलगी म्युनिकमध्ये असली तरी आई-बाबा मोखाड्यात राहतात, म्हणून त्यांचा अर्ज भारतातूनच. ‘मुलगी तिथे आहे, तिचा पगार चांगला आहे, मग व्हिसा ठरलेलाच’ हे गृहीत महागात पडते. मुलीने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात खर्चाची हमी लिहून दिली, तर पैशांचा प्रश्न सुटतो. आई-बाबा परत येणार कशावरून, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर त्यांच्याच कागदांतून द्यावे लागते.

ज्यांनी आयुष्यात कधी प्राप्तिकराचे विवरण भरले नाही, त्यांनी काय दाखवायचे? शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे विवरण नसणे हा गुन्हा नाही. सातबारा आहे, आठ-अ आहे. पिकांच्या रकान्यात भात, नागली, वरई, उडीद अशी नोंद असलेला डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि तो कायद्याने ग्राह्य आहे. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा असेल तर तोही जोडावा. ती जमीन विकता येत नाही, पण कसणारा गावाशी बांधलेला आहे याचा तो चांगला पुरावा ठरतो. हे सगळे मराठीत असते, म्हणून इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. आणि अर्जाच्या आठवडाभर आधी मुलीने बापाच्या खात्यात दोन लाख टाकून शिल्लक फुगवू नये. अधिकारी शेवटचा आकडा बघून थांबत नाही, मागच्या महिन्यांची ये-जा पाहतो. त्यापेक्षा ‘खर्च मुलगी करणार आहे’ हे सरळ लिहिलेले बरे.

काही गैरसमज दोन वाक्यांत निकालात निघतात. अर्ज गोळा करणारे केंद्र व्हिसा देत नाही आणि नाकारतही नाही. ते कागद आणि बोटांचे ठसे घेते, निर्णय वकिलातीचा. त्यामुळे ‘आतून ओळख आहे’ म्हणणाऱ्याला पैसे देणे म्हणजे पाण्यात टाकणे. शेंगेनचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. व्हिसा हाती येण्याआधी परतावा न मिळणारे तिकीट काढू नये. वकिलातीला आरक्षण पुरते. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो आणि नेहमीचा निर्णय १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. ‘सोपा’ म्हणून ऐकलेल्या देशाकडे अर्ज करून मुक्काम दुसरीकडे ठोकणेही नियमात बसत नाही. सर्वांत जास्त दिवस जिथे, अर्ज तिथे.

एका बाबतीत परदेशी राहणाऱ्याचे नुकसानच आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी खास सवलत आणली: आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा, आणि पुढे पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा. बातम्यांत ‘भारतीयांना पाच वर्षांचा व्हिसा’ असे मथळे आले. पण ही सवलत भारतात राहणाऱ्या आणि भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठी आहे. दुबईच्या जव्हारकराला सर्वसाधारण नियमच लागू. बहुप्रवेश व्हिसा त्यालाही मिळतो, पण त्याची शिडी लांब आहे.

पर्यटन व्हिसाबद्दलचा सर्वांत घातक समज मात्र वेगळा आहे: ‘व्हिजिटवर जा, तिकडे काम शोधून घे.’ दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे उत्प्रवासन तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. त्यांना आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची उत्प्रवासन मंजुरी लागते. नुसते फिरायला जायला ती लागत नाही. दलाल नेमका इथे हात घालतो. पर्यटक म्हणून पाठवले की मंजुरी नाही, नोंदणीकृत एजंट नाही, मंजुरीसोबत सक्तीने निघणारा दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही नाही. पगार थकला तर तक्रार करायची कुठल्या कागदावर? मोखाड्याच्या पाड्यावर एखादा एजंट ‘व्हिजिट व्हिसा’ म्हणत आला, तर त्याला आधी केंद्र सरकारचा परवाना क्रमांक विचारावा आणि तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा.

कलावंतांनाही ही रेघ पाळावी लागते. याच जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामासोबत लागली. पुढच्या पिढीतल्या चित्रकारांना परदेशातून कार्यशाळांची बोलावणी येतात. मानधन घेऊन कार्यशाळा घेणे म्हणजे पर्यटन नव्हे. निमंत्रण, मानधन आणि दिवस अर्जात खरे लिहावेत आणि योग्य प्रकारचाच व्हिसा मागावा.

शेवटी उलटी वाट, जव्हारकडे येणाऱ्यांची. ज्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, त्याचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानुसार आपोआप संपते. जुना पासपोर्ट कपाटात असला म्हणून तो वापरता येत नाही. त्याला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड किंवा व्हिसा लागतो, आणि ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे: मतदान नाही, शेतजमीन विकत घेणे नाही. सिंगापूरमध्ये राहणाऱ्या जर्मन जोडप्याला दाभोसा धबधबा आणि जयविलास राजवाडा पाहायचा असेल, तर भारताच्या ई-व्हिसासाठी त्यांना जर्मनीला जावे लागत नाही. तो जगात कुठूनही ऑनलाइन मागता येतो. आणि जव्हारमध्ये होम-स्टे चालवणाऱ्या घरमालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांत त्याची माहिती, म्हणजे पूर्वापार ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखला जाणारा तपशील, ऑनलाइन कळवावा लागतो. हा नियम मोठ्या हॉटेलांपुरता नाही, दोन खोल्यांच्या घरालाही आहे, आणि ती जबाबदारी पाहुण्याची नसून घर देणाऱ्याची आहे.